चढलेला की चढवलेला

डोंबिवली पूर्व
९ डिसेंबर २०२५

नीला,

रविवार, ७ डिसेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. नौपाड्यातलं सभागृह, आपल्या नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन, खिडकीकडचं टेबल. त्या वेळी, त्या ठिकाणी तू माझ्या रुपयावरचं भिंग बाजूला केलंस, चष्मा कपाळावर सरकवलास आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायच्या आवाजात म्हणालीस, "हा रंग चढलेला नाही. चढवलेला आहे."

तक्रारीचं पत्र असंच लिहायचं असं सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याला शिकवलं होतं. आधी वेळ, मग ठिकाण, मग घडलं ते. विशेषणं शेवटी, आणि मुलींनी ती शक्यतो गिळावीत. पहिल्या तीन गोष्टी मी पाळल्या आहेत. विशेषणं गिळायचं माझं वय राहिलेलं नाही. हे पत्र इंग्रजीत लिहिणार होते, पण इंग्रजीत आपण दोघी फार सभ्य होतो.

एका 'व'चा फरक आहे, नीला. कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा आणि अर्धा वर्ग पेंगत असायचा, तरी एवढं व्याकरण माझ्या डोक्यात राहिलं आहे. चढलेला म्हणजे काळाने केलं. चढवलेला म्हणजे मी केलं. मी, माया, वय अडुसष्ट, डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात दार लावून नाण्यावरच्या राणीच्या गालाला निळा-जांभळा रंग फासत बसलेली.

तुझं बोलून झाल्यावर चांगदेवने माझ्या नाण्याखाली लाल स्टिकर लावलं. आपल्या सचिवाला स्टिकरांची भारी हौस. "मॅडम, नियम आहे, वाईट वाटून घेऊ नका," असं म्हणाला, आणि वाईट वाटायला मला जरा वेळ मिळावा म्हणून त्याने त्या लाल स्टिकरचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला आहे. कुणी ते मी पाहून ठेवलं आहे.

मी वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर माल तपासला. प्रेशर गेज. किती खेपा परत पाठवल्या याचा हिशेब नाही. बाहेरचे लोक मला 'परतवाल्या बाई' म्हणायचे, तेही मला माहीत होतं. पण माल देणाऱ्याला समोर बसवून, दोष त्याच्या डोळ्यांनी दाखवून, "हे असं का झालं?" हे एकांतात विचारल्याशिवाय मी कधी शेरा लिहिला नाही. चारचौघांत तर नाहीच.

तू म्हणशील, मी विचारलं होतं. हो, विचारलंस. "हे कुठून आलं?" मी म्हटलं, "घरचं आहे." तू म्हणालीस, "कुणाच्या घरचं?" आणि मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याला तू कबुली समजलीस. शाळेत सहा वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलीला एवढं कळायला हवं होतं, की माया गप्प बसते तेव्हा काहीतरी गंभीर असतं. एरवी मी गप्प बसते का?

तुझा अहवाल माझ्यासमोर आहे. "१९०० सालचा राणीछाप रुपया. पृष्ठभागावर बारीक गोलाकार ओरखडे, नाणं घासून स्वच्छ केलेलं. रंग ओरखड्यांच्या वरून गेलेला, म्हणजे घासल्यानंतरचा. एका बाजूने चंद्रकोरीसारखा गडद; हिंगाच्या डबीत ठेवून आणलेला असावा. कानाखाली जुना टोचा. निष्कर्ष: कृत्रिम." अक्षर अजून सुंदर आहे तुझं. आणि अहवालात नसलेलं एक वाक्य तू तोंडी जोडलंस: "हिंगाची युक्ती आता जुनी झाली, निदान नवीन काहीतरी करायचं." लोक हसले. तूही हसलीस.

माझी मागणी साधी आहे. मंडळाच्या पुढच्या सभेत तो एक शब्द मागे घे. बाकीचा अहवाल तसाच राहिला तरी चालेल.

माया

*

डोंबिवली पूर्व
१६ डिसेंबर २०२५

नीला,

मी स्पीड पोस्टाने पत्र पाठवते आणि तू अंगठ्याने उत्तर देतेस. असो. तुझा मेसेज मी दोनदा वाचला, एकदा चष्म्याशिवाय, कारण चष्मा लावून तो जास्तच टोचत होता. "विज्ञानात मैत्री आणत नाही मी. आणि राग धरून ठेवण्यात तुझा हात कोण धरणार? माझ्या लग्नालासुद्धा आली नाहीस. तेव्हाही मनात असंच काहीतरी धरलं असशील."

आधी विज्ञान घेऊ.

निवृत्त झाल्यावर तूच मला या मंडळात ओढलंस, आणि नाण्यांवरचा रंग कसा वाचायचा ते माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून शिकवलंस. पोहे गार झाले होते आणि तू बोलत होतीस. चांदीला हवेतलं, कागदातलं, लाकडातलं गंधक हळूहळू लागत जातं; हिंगात तर ते भरपूर असतं. आधी फिकट पिवळं, मग तांबूस, मग जांभळं, मग निळं, या क्रमानेच. घाईने आणलेल्या रंगात पायऱ्या गाळलेल्या असतात. खरा रंग अक्षरांच्या कडेशी येऊन थबकतो, लगेच चढून जात नाही. खाली मूळ चमक हलताना दिसते. आणि ओरखड्यात रंग उतरला असेल तर ओरखडा आधीचा, रंग नंतरचा. "आधी घासतात, म्हणजे नाणं नवं दिसतं, मग घासल्याचं पाप झाकायला वर रंग आणतात," हे तुझं वाक्य. तू शिकवलेलं मी विसरत नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून तुझी मुलं पास झाली असतील तर नवल नाही.

या आठवड्यात मी तुझं भिंग, म्हणजे तूच दिलेलं, घेऊन तो रुपया पुन्हा पुन्हा पाहिला. तुझी एक तरी चूक सापडावी म्हणून पाहिला. सापडली नाही. घासलेला आहे: बरोबर. रंग घासल्यानंतरचा आहे: बरोबर. हिंग: त्याचे तर पैकीच्या पैकी. गणिताच्या सगळ्या पायऱ्या बरोबर आणि उत्तर चूक, असं होतं ना कधीकधी? सिस्टर अशा वेळी पायऱ्यांचे गुण द्यायच्या. मीही देते.

आता लग्न.

हे वाक्य तू मला शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकवलंस. तुझ्या लेकीच्या, रुचिताच्या बारशाला ऐकवलंस, तेही तिला माझ्या मांडीवर ठेवताना. माझ्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला तू आलीस, सगळ्यांच्या आधी आलीस, शेजारी बसून माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "बघ, मी आले. तू माझ्या लग्नाला आली नव्हतीस." त्या दिवशी मला तुझा हात सोडवत नव्हता म्हणून मी उठले नाही.

मी काय सांगितलं होतं तुला? कामावर होते, असं. ते खोटं नाही. मे महिन्यातला रविवार होता, जादा कामाची पाळी मी मागून घेतली होती. त्या दिवशी गेजची एक अख्खी खेप मी परत पाठवली. माल घेऊन आलेला माणूस म्हणत होता, "ताई, काटा बरोबर आहे हो, पुन्हा बघा." मी पुन्हा बघितलं नाही. काटा बरोबर होता.

चांगदेवचा काल फोन आला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोघी मंडळाच्या जुन्या सभासद, एका रुपयावरून एवढं? आपण लाल काढून पिवळं लावू. पिवळं म्हणजे वादग्रस्त." मी म्हटलं, पिवळं स्टिकर तुमच्या कपाळाला लावा. तो म्हणाला, "नीला मॅडमपण तेच म्हणाल्या." तेवढ्यापुरतं मला हसू आलं, आणि मग आलं तसं गेलं.

'कुणाच्या घरचं?' या प्रश्नाला उत्तर आहे. ते तुला देऊ नये असं एका व्यक्तीने मला सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. ती व्यक्ती आता नाही. असा शब्द माणसाबरोबर संपतो की राहतो, ते मला ठरवू दे.

माया

*

डोंबिवली पूर्व
२६ डिसेंबर २०२५

नीला,

कुणाच्या घरचं? तुझ्या.

आता बसून वाच.

कल्याणला टिळक चौकातल्या तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाचे अकरा राणीछाप रुपये होते. आज तुझ्याकडे दहा आहेत. नौपाड्यात सामान हलवताना एक हरवला असं तू सगळ्यांना सांगतेस. तो हरवला नव्हता. सामान हलवायच्या कितीतरी आधी तुझ्या आईने, काकूंनी, तो बाजूला काढला होता.

दिवाळीच्या आदल्या दिवशी काकू ते रुपये चिंचेच्या कोळात टाकायच्या आणि घासायचं काम तुझ्याकडे असायचं. मागच्या पडवीत, पाटावर बसून, ओल्या फडक्यावर रांगोळी घेऊन, जीभ दातांत धरून तू ते गोल गोल घासायचीस. मी शेजारी पायरीवर बसायचे. पूजेच्या नाण्यांना हात लावायचा नाही असं मला तुमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. तू मात्र एकेक नाणं माझ्या नाकासमोर धरायचीस, "बघ, आरशासारखा झाला." एका रुपयावर राणीच्या कानाखाली बारीक टोचा होता. तू म्हणायचीस, हिला कानात डूल घातलाय, ही आपल्या पार्टीतली. तो तू सगळ्यांच्या शेवटी घासायचीस आणि सगळ्यांत जास्त घासायचीस.

तुझ्या अहवालात जे ओरखडे आहेत, घासणाऱ्याचं पाप म्हणून जे तू सभागृहाला दाखवलेस, ते तुझे आहेत.

कानाखाली जुना टोचा, हेही तूच लिहिलं आहेस. शुद्ध, वळणदार अक्षरात. तो टोचा तू भिंगातून पाहत होतीस तेव्हा मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. मला वाटलं, आता मान वर करील. आता हसेल. आता म्हणेल, अगं, ही तर डूलवाली. तू मान वर केलीस आणि विचारलंस, कुणाच्या घरचं?

नोव्हेंबर १९८९. दुपारच्या सुट्टीत वॉचमन मला बोलवायला आला, बाई, गेटवर एक आजी आल्यात. काकू होत्या. कल्याणहून ठाण्याला येऊन, बस विचारत विचारत वागळे इस्टेटपर्यंत आल्या होत्या. घरच्यांना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं होतं. वॉचमनने त्यांना आपली खुर्ची दिली होती आणि त्या तिच्या अगदी कडेला बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. मी पाणी आणलं. ते त्या प्यायल्या नाहीत, आधी पिशवी उघडली. पत्र्याची एक डबी काढली, खड्या हिंगाची. झाकण उघडल्याबरोबर वॉचमन दोन पावलं मागे सरकला. आत हिंगाच्या खड्याशेजारी हा रुपया होता. तेव्हा तो नुसता पिवळट झाला होता, एका कडेला जरा तांबूस.

काकू म्हणाल्या, "नीलाच्या लग्नात तुझी ओटी राहिली, मुली. तेव्हाच तुझ्या नावाने काढून ठेवला होता. आणून द्यायचं धाडस होत नव्हतं."

मी विचारलं, हिंगात का?

"माझ्या घरात तेवढी एकच जागा अशी आहे जिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही."

मग पिशवीतून तांदूळ निघाले, नारळ निघाला, खण निघाला. ट्रक गेटातून आत-बाहेर करत होते, माझ्यासोबतच्या बायका डबे धरून बघत होत्या. मी म्हटलं, काकू, आमच्यात हे नसतं.

"माहीत आहे. माझ्यात असतं," असं म्हणाल्या.

मी पदर पुढे केला, नीला. आमचे बाबा छप्पन सालापासून असल्या कशालाही घरात जागा न देणारे, आणि मी, त्यांची मुलगी, कारखान्याच्या गेटवर पदर पसरून उभी होते. त्याचं मला आजही काही चुकल्यासारखं वाटत नाही.

ओटी भरून झाल्यावर त्या बोलल्या. माझी पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली होती. अण्णांनी यादीतून नाव काढलं, म्हणून ती माझ्यापर्यंत आलीच नाही. तुझ्या सासरची माणसं कडक, रेल्वे कॉलनीतलं कोण, कुठलं, अशी चौकशी मांडवात नको, असं म्हणाले. अण्णा वाईट नव्हते. माझी फी भरायची राहिली तेव्हा हेडमिस्ट्रेसला जाऊन भेटले होते ते अण्णाच. मला कॉन्व्हेंटमध्ये शिकताना बघायला त्यांना आवडायचं. मांडवात बघायला नसतं आवडलं, इतकंच.

निघताना काकू म्हणाल्या, "नीलाला सांगू नकोस हं."

त्या वाक्याचे दोन अर्थ होतात. नीलाला हे माहीत नाही, तिला कळलं तर बापाबद्दल तिचं मन मोडेल. किंवा, नीलाला माहीत आहे, आणि तुला कळलं आहे हे तिला कळलं तर ती तुझ्या नजरेला नजर देणार नाही. मी तेव्हा विचारलं नाही. बसची वेळ झाली होती. पुढे त्या नौपाड्यात तुझ्याजवळ राहायला आल्या, माझी त्यांची कितीदा तरी भेट झाली, पण दर वेळी तू तिथे होतीस.

डबी मी तशीच ठेवली. तो हिंग कधी स्वयंपाकाला घेतला नाही आणि रुपया कधी धुतला नाही. आमच्याकडे लक्ष्मीपूजन नाही. कपाट आवरताना कधीतरी उघडून बघायचे. आधी राणीच्या पाठीमागे जांभळी कड आली, मग निळी, मग ती कोर हळूहळू गालाकडे सरकली. तुझ्याकडच्या दहा राण्यांना दरवर्षी घासून घासून नाकं राहिलेली नाहीत. ही एकटी वाचली, कारण हिची कुणी पूजा केली नाही.

आता तूच ठरव, याला काय म्हणायचं. घासला तू, तो पूजेसाठी. हिंगात ठेवला तुझ्या आईने, तो लपवण्यासाठी. उघड्यावर काढला नाही मी, तो शब्दासाठी. तिघींतल्या एकीच्याही मनात रंग नव्हता.

आणि एक गोष्ट लिहायला मला चार दिवस लागले. तो रुपया मी तुझ्यासमोर ठेवला तो प्रदर्शनासाठी नव्हे. मी तुला तपासायला बसवलं होतं. न सांगता, न विचारता, काय शोधायचं ते न कळवता. ती ओळखते की नाही, एवढंच बघायचं होतं. कामावर असं कुणी माझ्याशी केलं असतं तर मी त्याला सोडला नसता. त्याऐवजी तुला एकदा चहाला बोलावून डबी पुढ्यात ठेवली असती तर दुपार चांगली गेली असती. काकूंविषयी बोललो असतो. ते करायला मला कुणी अडवलं नव्हतं, आणि मी ते केलं नाही, याची हळहळ मला त्या लाल स्टिकरपेक्षा जास्त आहे.

उत्तर नको. तुला कळावं एवढ्यासाठी लिहिलं.

माया

*

डोंबिवली पूर्व
३ जानेवारी २०२६

नीला,

कुरिअरने तुझं पाकीट मिळालं. आत मंडळाच्या कागदावर छापील प्रमाणपत्र: "पुनर्तपासणीअंती सदर नाण्यावरील रंग पूर्णतः नैसर्गिक असल्याचे आढळले." खाली तुझी सही. पाकीट मी उलटं करून झटकलं, आणखी काही चिठ्ठी आहे का म्हणून. नव्हती.

मागोमाग चांगदेवचा फोन. "अभिनंदन मॅडम, हिरवं लागलं." ग्रुपवर फोटोही आला आहे. त्याच माणसाने या वेळी फुलांचा गुच्छ टाकला आहे.

प्रमाणपत्र सोबत परत पाठवते आहे. फाडलेलं नाही, तुझी सही आहे म्हणून. पण ते खोटं आहे. हाच रुपया उद्या एखाद्या अनोळखी माणसाने आणला, घासलेला, वर हिंगाचा रंग, तर तू त्याला नैसर्गिक म्हणशील का? नाही म्हणणार, आणि म्हणूही नयेस. नाण्याला आपल्या तिघींच्या मनात काय होतं ते दिसत नाही. त्याला फक्त रांगोळी आणि हिंग कळतो. तुझा पहिला शेरा बरोबर होता. त्या दिवशी मी मागितलं ते चुकीचं मागितलं. "कृत्रिम" राहू दे. लाल स्टिकर परत लावायला सांग, चांगदेवला तेवढाच आनंद.

मला राग या गोष्टीचा आहे, की मी तुला माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड पत्र लिहिलं आणि तू मला त्या बदल्यात खोटा शेरा दिलास. नुकसानभरपाईसारखा. एवढं सगळं वाचून तुला एवढंच सुचलं? पंचवीस वर्षं कॉलेजात खोट्या नोंदी करणाऱ्या मुलांना तू नापास केलंस, आणि माझ्यासाठी स्वतःच तसली नोंद केलीस. तुझ्याकडे दुसरं काही देण्यासारखं होतं. ते तू दिलं नाहीस.

मागच्या पत्रात मी म्हटलं होतं, उत्तर नको. तो माझा मोठेपणा होता आणि मला तो झेपला नाही. तेव्हा विचारलं नव्हतं, ते आता विचारते.

१९८१ साली, तुझ्या लग्नाच्या आधी, यादीतून माझं नाव काढलं हे तुला माहीत होतं का?

तुझं ते वाक्य, "माझ्या लग्नाला आली नाहीस," मी या आठवड्यात भिंगाखाली धरून बसले होते. खरंच दुखलं म्हणून चव्वेचाळीस वर्षं म्हणत आलीस, की आधी माहीत होतं आणि ते झाकायला वर हे आणलंस? सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. मला नाही ठरवता येत. तूच शिकवलेली विद्या, आणि तुझ्यावरच चालत नाही.

उत्तर हो असेल, तर तू चोवीस वर्षांची होतीस आणि अण्णांच्या घरात होतीस. अण्णांसमोर तू मान वर करून बोललेली मी कधी पाहिलेली नाही. त्या मुलीला मी ओळखते, तिच्यावर रागावून मला काय मिळणार? फक्त पुढची सगळी वर्षं ते वाक्य मला ऐकवायला नको होतंस. माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर तर नकोच होतं.

उत्तर नाही असेल, तर ते जास्त कठीण आहे. मग तू खरोखर मांडवाच्या दाराकडे बघत उभी असशील. मी येईन म्हणून. आणि मी आले नाही, आणि नंतर येऊन "काम होतं" असं कोरडं सांगितलं, आणि तू ते पोटात ठेवून माझ्याशी बोलत राहिलीस. मग इतकी वर्षं आपण दोघी एकमेकींना मोठ्या मनाने माफ करत होतो, जे दोघींनीही केलं नव्हतं त्याबद्दल. याचा विचार आला की मी हातातलं काम सोडून बसते.

दोन्ही उत्तरं मी सोसू शकते. या वयात न कळणं सोसत नाही. काकू गेल्या, अण्णा गेले. त्या घरातलं हे सांगू शकेल असं आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मी विषय बदलीन, आपण गुडघ्यांबद्दल बोलू आणि हा प्रश्न पुन्हा तसाच राहील. मेसेज चालणार नाही. चांगदेवला मध्यस्थ म्हणून पाठवू नकोस, तो स्टिकर घेऊन येईल. रुचितालाही काही सांगू नकोस. तिचे आजोबा तिला आहेत तसेच राहू देत. तुझ्या हाताने, शाईने, कागदावर. कारणं लिहायची असतील तर लिही, नसतील तर एक शब्द पुरे. हो किंवा नाही. "आठवत नाही" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. तुला नाण्यांच्या टांकसाळीच्या खुणा सालासकट पाठ आहेत.

हे पत्र तुला सोमवारी, फार तर मंगळवारी मिळेल. विचार करायला वेळ उरतो, टाळायला उरत नाही. तुझं लेखी उत्तर शनिवार, १० जानेवारी २०२६, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

माया